पूजेला बसवलेलं मशीन

परवा इथे आयुधपूजा झाली आणि मी भांडलो.

कोइमतूरपासून थोडं आत, नारळीच्या बागांना लागून आमचा कारखाना आहे. दारं, देवघरं, पलंगांची डोकी, सगळं मशीनवर कोरलं जातं. पूजेच्या सकाळी मी पोचलो तोवर माझ्या पाळीतल्या लोकांनी मशीनला चंदनाचे पट्टे ओढले होते, आणि एकजण त्या पट्ट्यांवर कुंकवाची बोटं उठवत उठवत रुळाच्या खाली, स्क्रूच्या आट्यांकडे चालला होता. मी त्याचा हात धरला. जोरात धरला असावा, कारण तो दचकला. मग मी आधी मराठीत, मग हिंदीत, मग जेवढी तमिळ येते तेवढ्या तमिळमध्ये बोललो. ते सगळे हसले. मी फडकं घेऊन पुसायला लागलो तेव्हा मात्र हसणं थांबलं. देवाला लावलेलं पुसतोस, असं कुणीतरी मागून म्हणालं.

पुसतो. कुंकू परत लावता येतं. आट्यांत गेलेलं बाहेर काढता येत नाही, हे मी एकदा पाहिलंय.

आज दुपारी पाऊस आला. आश्विनात पाऊस, हे माझ्या अंगाला इतक्या वर्षांनीही पटत नाही. आमचा पाऊस जायला निघतो तेव्हा इथला यायला निघतो. पत्र्यावर तो वाजायला लागला की मला उगीच कुणाचातरी राग येतो. पाऊस चुकीच्या महिन्यात आलाय, मी चुकीच्या गावात आहे, आणि घरी या वेळी जे चाललं असेल त्यात माझा हात नाही.

घरी, जव्हार-मोखाड्याला, आश्विन म्हणजे सुटका. चार महिने डोंगरावर ढग बसलेला असतो. कपडे वाळत नाहीत, भिंतीला टेकलं तर पाठ ओली होते. मग एक दिवस ढग उठतो आणि खाली उतारच्या उतार पिवळे दिसतात, खुरासणीच्या फुलांनी. नागली कणसांवर आलेली असते. भाताच्या खाचरांतून करपट-गोड वास येतो. दिवसा तलखी, पहाटे दव. पोशेऱ्याला आमच्या घरी या दिवसांत बसलेलं माणूस सापडायचं नाही.

आणि जव्हारला, गफूरचाचांच्या दुकानात, या दिवसांत लाकूड बोलायचं. पावसाळाभर फुगलेलं लाकूड उन्हाने आकसायला लागलं की दुपारच्या शांततेत कुठूनतरी टक् आवाज यायचा. एखादी चौकट, कपाटाचा खण, भिंतीला उभी केलेली फळी. चाचा म्हणायचे, हिने श्वास सोडला. मला मात्र तो आवाज तडा गेल्याचाच वाटायचा. काय तडकलं, कुठे तडकलं, हे बघायला मी हातातलं काम टाकून उठायचो. भित्राच स्वभाव आहे माझा. आजही कुलूप लावल्यावर परत जाऊन ओढून बघतो, आणि जिन्यापर्यंत गेलो की पुन्हा शंका येते.

गफूरचाचा म्हणजे जव्हारचे सुतार. मशिदीतलं मिंबर, म्हणजे प्रवचनाचं पायऱ्यांचं आसन, त्यांच्या वडिलांच्या हातचं, आणि गावातली निम्मी देवघरं त्यांच्या स्वतःच्या हातची. सातवीत आश्रमशाळा सोडून मी घरी आलो तेव्हा बापाने काही विचारलं नाही, आयसने, माझ्या आईने, शाळा का सोडली ते विचारलं. चाचांनी विचारलंच नाही. आधी झाडू दिला, पुढे रंधा दिला, आणि पहिल्या दिवसापासून जेवायला आपल्या शेजारी बसवलं. त्यांच्या ताटात मटण असलं की माझ्यासाठी अंडं असायचं, कारण मी मटण खात नाही हे मी त्यांना न सांगताच त्यांना कळलं होतं. या माणसाचे उपकार मी कुठे फेडू, हा विचार मनात आला की त्याच्या मागोमाग राग येतो. का येतो ते पुढे सांगतो.

मी चोविशीत असेन, तेव्हाची गोष्ट. भारनियमनाची वर्षं होती ती. चाचांच्या उजव्या हाताची बोटं आधी मुंग्या आल्यासारखी झाली, मग बधिर. नाशिकच्या डॉक्टरांनी मानेतली नस सांगितली आणि फार आशा दाखवली नाही. पटाशी हातातून सुटायची, आणि ती सुटली हे चाचांना जमिनीवर पडल्याच्या आवाजाने कळायचं. मग ते खाली वाकून डाव्या हाताने उचलायचे आणि इकडेतिकडे बघायचे, कुणी पाहिलं का. आम्ही पाहिलेलं नसायचं. मी आणि काशिनाथदादा, दोघंही त्या वेळी नेमके दुसरीकडे बघत असायचो. काशिनाथदादा दाभोशाचे. दुकानात माझ्या कितीतरी आधीपासून, वयाने चाचांपेक्षा थोडेच लहान.

अशात चाचांनी शौक लावून घेतला. वसईच्या एका इंजिनीअरने आपल्या घराच्या गॅलरीत हौसेने एक कोरकाम करणारं मशीन बनवलं होतं. बायकोला कपडे वाळत घालायला जागा उरली नाही म्हणून त्याला ते काढायचं होतं. आम्ही ते पिकअपमध्ये गोधडीत गुंडाळून आणलं. पाटाएवढं टेबल, भुशाच्या बोर्डाचा सांगाडा, जुन्या प्रिंटरमधून काढलेल्या मोटरी, ड्रॉवरचे चॅनेल, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो आट्यांचा साधा गज, आणि हे सगळं चालवायला पोट सुटलेला एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला आकडे द्यायचे, की मोटरी गज फिरवतात, गज फिरला की कटर सरकतो आणि लाकूड कोरतो. लोक कबुतरं पाळतात, पतंग उडवतात, मी हे करीन, असं चाचा बघायला येणाऱ्यांना सांगायचे. खरं कारण आम्हा दोघांना माहीत होतं. त्यांना आपला हात कुठेतरी ठेवून जायचा होता.

बघायला येणाऱ्यांचाही मला राग यायचा. एकजण म्हणाला, आता कॉम्प्युटर देव घडवणार. दुसरा माझ्याकडे बघून म्हणाला, हा चालवणार का हे, याला एबीसीडी तरी येते का. येत नव्हती, खरं होतं. पडद्यावरचे शब्द मी वाचत नव्हतो, चेहऱ्यासारखे ओळखत होतो. हा शब्द आला की थांबायचं, हा आला की काहीतरी बिनसलंय. नवा चेहरा आला की मला घाम फुटायचा आणि मी एसटीडी बूथवर धावायचो, वसईला फोन लावायला. तो इंजिनीअर भला माणूस होता. जेवता जेवता उठून सांगायचा.

पण पहिल्याच पावसात बोर्डाचा सांगाडा चहात बुडवलेल्या टोस्टसारखा फुगला. चॅनेल वाकले, गज अडकायला लागला. नेमक्या त्याच दिवसांत सलीमभाईंचे फोन वाढले.

सलीमभाई म्हणजे चाचांचा मुलगा, मुंब्र्याला असतात. त्यांचं म्हणणं साधं होतं. अम्मी गेली, तुम्ही एकटे, हात चालत नाही, दुकान बंद करा आणि माझ्याकडे या. वाईट माणूस नव्हता तो. वडिलांना नाशिकला घेऊन तोच गेला होता. याचाच मला जास्त राग यायचा, त्याला शिव्या द्यायलाही जागा नव्हती. शेवटी भादव्यात तो स्वतः आला तेव्हा चाचांनी त्याच्यापुढे एक अट ठेवली.

"दिवाळीच्या सुट्टीत ये," ते म्हणाले. "माझे डोळे बांध. माझ्या हातचं एक कोरलेलं पान आणि मशीनने कोरलेलं एक पान समोर ठेव. मला ओळखता आलं तर मी त्याच पावली तुझ्या गाडीत बसतो. नाही ओळखता आलं तर हे दुकान उघडं राहणार, आणि मी इथेच."

सलीमभाईंना हसू आलं. लाकूड हुंगून झाड सांगणारा हा माणूस, याला स्वतःचं पान ओळखता येणार नाही? म्हणून तर त्यांनी लगेच हो म्हटलं.

तेव्हापासून माझी झोप गेली. दुकान बंद झालं तर मी कुठे जाणार होतो, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा, की शाळेत मी कुठल्याच परीक्षेला धड बसलो नव्हतो, आणि आता ही बसली होती माझ्या मानगुटीवर.

भादवा सरत आला तसं आम्ही मशीन उघडलं. बोर्डाचा सांगाडा टाकून लोखंडी अँगलचा केला. ड्रॉवरचे चॅनेल काढून गोल गुळगुळीत रूळ बसवले. आणि साध्या गजाच्या जागी इंजिनीअरने मुंबईच्या भंगार बाजारातून शोधून दिलेला खरा स्क्रू आला, छर्ऱ्यांचा. त्याची नट ओंजळीएवढी, तिच्या पोटात बारीक छर्रे, आणि ते आट्यांमधून वाटाण्यासारखे घरंगळतात, त्यामुळे नट लोण्यासारखी सरकते. साध्या गजाला दिशा बदलताना खेळ असतो. मोटर फिरते पण कटर क्षणभर जागचा हलत नाही, आणि तेवढ्यात कोरीव रेघ बिघडते. छर्ऱ्यांच्या स्क्रूला तो खेळ नाही. मी तो पहिल्यांदा बोटाने फिरवला तेव्हा हसलो. आपोआपच.

मग माझा भित्रेपणा कामाला आला. सागाचा भुसा सगळीकडे शिरतो, म्हणून मी स्क्रूला जुन्या सायकलच्या ट्यूबचा पडदा केला. सकाळी तेल, दुपारी पुसणं, संध्याकाळी पुन्हा तेल. काशिनाथदादा म्हणायचे, तुझी बायको आली तं तिला पण दिवसातून तीन वेळा पुसशील रं. आज इथलं मोठं मशीन आपलं ग्रीस आपणच घेतं, आतल्या आत, कुणी न सांगता. तरी मी पाळी संपताना त्याच्या नळ्यांवरून बोट फिरवून येतो. तमिळ पोरं हसतात. हसू देत.

चाचांचं पान मशीनला शिकवायचं कसं, तर चाचींसाठी लग्नानंतर त्यांनी एक कपाट केलं होतं, त्याच्या दारावर वेल होता. दार बिजागऱ्यांतून काढून आम्ही टेबलावर आडवं केलं. कटरच्या जागी सुई बसवली. सुई खाली येते, पानाला टेकते, किती खाली आली ते कॉम्प्युटर लक्षात ठेवतो, सुई वर जाते, केसभर पुढे सरकते, पुन्हा टेकते. आंधळं माणूस ओळखीचा चेहरा चाचपतं, तसं ते चालायचं. चाचा शेजारी स्टुलावर बसून बघत राहायचे. इथं माझा हात जरा चुकला होता, म्हणायचे. मग सुई तिथे पोचायची आणि तीही जरा थबकल्यासारखी वाटायची.

आणि वीज जायची. ठरलेल्या वेळी जायची, न ठरलेल्या वेळीही जायची. गेली की सुई होती तिथे मरायची, कॉम्प्युटर सगळं विसरायचा, आणि पान पहिल्यापासून. मी रस्त्यावर जाऊन खांबाकडे बघत शिव्या घालायचो. कुणाला घालत होतो कोण जाणे. शेवटी मोखाड्याच्या एका जीपवाल्याची जुनी बॅटरी आणि एक इन्व्हर्टर जोडला, आणि मग कुठे सुई पानाच्या टोकापासून देठापर्यंत एका दमात गेली. नवरात्र संपत आलं होतं. उरलं होतं फक्त कोरणं.

मग आली खंडेनवमी.

चाचांच्या दुकानात दरवर्षी नवमीला हत्यारं पूजेला बसायची. पूजा काशिनाथदादांची. पटाश्या, रंधे, करवती, कानशी, सगळं धुवून पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, नागलीची नवी कणसं, नारळ. चाचा टोपी घालून उंबऱ्याशी उभे राहायचे आणि शेवटी प्रसादाचं खोबरं दोन्ही हातांत घ्यायचे. एकदा हत्यार बसलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. लाकूड कितीही निकडीचं असो, तोवर आमच्या दुकानात खिळाही ठोकला जात नसे.

त्या सकाळी मी बूथवर गेलो होतो, कटरचा वेग विचारायला. परत आलो तर उदबत्तीचा वास आणि ओल्या नारळाचा वास, आणि मशीन लाल झालेलं. टेबलाला, मोटरींना दादांनी नुसतं बोट टेकवलं होतं. खरा मान दिला होता स्क्रूला. ट्यूबचा पडदा नीट घडी करून बाजूला ठेवलेला, आणि उघड्या आट्यांवर तेलात कालवलेला शेंदूर, वर हळदकुंकू, वर अख्ख्या नारळाचं पाणी. नटच्या तोंडाशी लाल थेंब जमला होता आणि मी बघतो आहे तोवर तो आत गेला.

मी विचारलं, दादा, हे काय केलंत. त्यांनी साधेपणाने उत्तर दिलं, पूजा केली, नवा गडी आहे, त्याला उपाशी ठेवायचा का, आणि फिरतो तोच, म्हणून त्यालाच जास्त. मी फडकं उचललं. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"आता बसवलाय त्याला. उद्यापर्यंत नाय."

"चाचा, यांना सांगा. नारळाचं पाणी आहे ते. आत गंज धरेल. दिवाळी तोंडावर आली."

चाचा उंबऱ्याशी उभे होते. त्यांनी स्क्रूकडे पाहिलं, मग दादांकडे. "नवमीला बसलेलं हत्यार माझ्या अब्बांनी दसऱ्याआधी कधी उचललं नाही," ते म्हणाले. "मीही उचलू देणार नाही."

"तुमचा देव नाही तो," मी म्हणालो.

चाचांचा आवाज चढला नाही, ते माझ्याजवळ आले आणि माझ्या हातातलं फडकं त्यांनी काढून घेतलं. "हत्यारं माझी आहेत, जानू. ज्यांच्या हातात ती असतात ती माणसंही माझी."

मी जीप पकडून पोशेऱ्याला गेलो. तिथे थांबलो असतो तर फडकं दुसरीकडून शोधलं असतं. घरी नागलीची कापणी चालू होती, आणि महिनाभर निरोप धाडून जो मुलगा आला नव्हता तो न बोलावता आलेला पाहून आयसने हातात विळा दिला. मी तोंड मिटून कापत सुटलो. प्रत्येक मुठीला मला आत झिरपत चाललेलं ते लाल पाणी दिसत होतं, एकेका छर्ऱ्याला चिकटणारं. किती माणसं शहाणी असून एक स्क्रू वाचवू शकली नाहीत. दादांचा राग, चाचांचा त्याहून जास्त. ज्याचा हात जातोय, ज्याचं घर जातंय, त्यालाच घाई नाही, आणि मी मात्र मरतोय. आयसने थोडा वेळ पाहिलं.

"असा विळा मारशील तं दाणं सगळं रानात जातील," ती म्हणाली. "कुणावर कापतोस?"

मी विळा हळू केला.

दसऱ्याला पहिल्या जीपने उतरलो. पाट उचलला गेला होता. स्क्रूवर तांबूस साय धरली होती, आणि बोटाने फिरवला तर आतून दळल्यासारखा आवाज आला. खाली स्टीलची थाळी धरून नट उघडली. छर्रे लाल चिखलात माखून बाहेर पडले, त्यांच्यात झेंडूची एक पाकळी. रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश, आणि एकेक छर्रा बोटांत धरून घासणं. दादा आपट्याची पानं घेऊन आले. सोनं घे, म्हणाले. मी म्हणालो, हात खराब आहेत. त्यांनी पान माझ्या खिशात सरकवलं आणि समोर बसून छर्रे घासायला लागले. मग तेच म्हणाले, आमच्याकडं जातं, नांगर, कोयता, सगळ्यांना नारळपाणी घालतो, अजून कुणी आजारी पडला नाय. मला हसायचं नव्हतं. हसलो, आणि त्याचाही राग आला.

सगळं निघालं, एक गोष्ट निघाली नाही. आट्यांच्या एका भागात, जिथे पाणी साचून राहिलं होतं, बारीक खड्डे पडले होते. नट तिथे आली की किंचित ठेचकाळायची. तिथेच पुन्हा खेळ. नवा स्क्रू दिवाळीआधी मिळणं शक्य नव्हतं. इंजिनीअरने फोनवर सांगितलं, दिशा बदलताना कॉम्प्युटरला मोटर थोडी जास्त फिरवायला सांगा. सांगितलं. सागाच्या तुकड्यांवर पानांमागून पानं कोरली. चुलीत गेली ती वेगळीच. वसुबारसेच्या आसपास एक पान उतरलं, ते मी उजेडात नेऊन पाहिलं. चहा प्यायला गेलो, परत आलो, पुन्हा पाहिलं. शिरा, मुरड, पात्याची ती अर्धी वळलेली कड, सगळं. चाचांनी लांबून पाहिलं आणि मान हलवली.

इथे आता पत्र्यावर पाऊस थांबलाय. नारळीच्या झावळ्यांवरून पाणी ठिबकतंय. माणसाला आपल्या कामाचा निकाल हवा असतो, चांगला नाहीतर वाईट, पण हवा असतो. शाळेत मला तो कधी मिळाला नाही, कारण मी त्याआधीच निघून आलो. म्हणून त्या एका पानाचा निकाल मला कसा हवा होता, हे शाळा पुरी केलेल्या माणसाला सांगून कळेल की नाही, मला शंका आहे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सलीमभाई आले. गाडी दारात उभी, मागची सीट रिकामी. दुपारची वेळ होती. दोन्ही पानं एकाच आकाराच्या तुकड्यांवर होती, जुनं दारातून कापून घेतलेलं, नवं माझं. दोन्हींना मी एकसारखं तेल पाजलं होतं, म्हणजे हाताला आणि नाकाला फरक लागू नये. दादांनी आपल्या गमछ्याने चाचांचे डोळे बांधले. सलीमभाईंनी दोन्ही तुकडे पुढ्यात ठेवले.

चाचांनी उजवा हात पुढे केला.

मला वाटलं चुकून केला. सवयीने केला, आता मागे घेतील. त्यांनी मागे घेतला नाही. ज्या हातातून पटाशी सुटलेली कळत नव्हती तो हात त्यांनी पहिल्या पानावर ठेवला, हळूहळू फिरवला, देठापासून टोकापर्यंत, मग दुसऱ्यावर. घाई नव्हती. शिरा मोजल्यासारखी बोटं चालत होती. डावा हात मांडीवर स्वस्थ पडून होता. मी सलीमभाईंकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं होतं. दादांनी पाहिलं होतं. आम्ही तिघं उभे आणि मध्ये तो डोळे बांधलेला माणूस.

"नाही ओळखता येत," चाचा म्हणाले.

सलीमभाईंचं तोंड उघडलं. डावा, एवढंच म्हणायचं होतं त्यांना, एकच शब्द. तो म्हटला असता तर गाडीची मागची सीट भरली असती. त्यांनी वडिलांच्या त्या बधिर हाताकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, चहा कुणी आणतंय का. मग बाहेर जाऊन गाडीची काच पुसत राहिले. ती आधीच स्वच्छ होती.

मला आनंद व्हायला हवा होता. दुकान राहिलं, चाचा राहिले, मी राहिलो. पण मी मागच्या ओट्यावर जाऊन बसलो तेव्हा माझ्या अंगाची लाही होत होती. एवढं रॉकेल, एवढे छर्रे, रस्त्यावर उभं राहून दिलेल्या शिव्या, आयसची नागली. उजवाच हात लावायचा होता तर बटाटा कोरून ठेवला असता तरी चाललं असतं. त्यांनी आपली परीक्षा पास करून घेतली आणि माझा पेपर न तपासता बाजूला ठेवला. आणि ज्याने मला शेजारी बसवून जेवू घातलं त्याला हे तोंडावर बोलायची सोय नव्हती. उपकारांमागून राग येतो म्हणालो, तो हा.

दुसऱ्या दिवशी सलीमभाई एकटेच गेले. चाचांनी दुकान उघडलं, एका देवघराचं काम समोर ओढलं आणि म्हणाले, याला तोच वेल चढवायचाय, पानं काढ. मी तिकडे न बघता उठलो. मशीन चालू केलं. वीज होती. पहिलं पान निघालं, अजून कोमट, कडांना भुसा चिकटलेला. मी ते त्यांच्यापुढे ठेवलं, टाकलं म्हणा हवं तर.

त्यांनी ते डाव्या हाताने उचललं. फुंकर मारली. अंगठा टोकाकडून खाली आणला, शिरेवरून, मुरडीवरून, आणि देठाच्या वरच थांबवला. तिथेच कटर दिशा बदलतो. अंगठा त्यांनी तिथेच दोनदा पुढेमागे केला आणि पान माझ्यापुढे परत ठेवलं.

"देठाजवळ सुजलंय."

"कालच्या पानाला नव्हतं," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा.

"कालच्यालाही होतं."

काशिनाथदादांचा रंधा थांबला. केव्हा बघितलंत, असं मी विचारलं, आणि विचारताना मला उत्तर आधीच कळलं होतं.

"उतरवलंस त्याच दिवशी. तू चहाला गेला होतास." त्यांनी टोपी काढून स्टुलावर ठेवली. "स्क्रू खोल. त्या खड्ड्यांचं काहीतरी करायला लागेल. सूज घेऊन पान माझ्या दुकानातून जाणार नाही."

मी स्पॅनर घेतला. रागाने तो बोल्टवरून दोनदा घसरला. चाचा खाली फरशीवर माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि नट सुटायच्या आत त्यांनी स्टीलची थाळी तिच्याखाली धरली, डाव्या हाताने.